अख्ख्या कानाचं कुत्रं

माणसाला उपास धरायला लावणारे महाराज आमच्या मुलखात पायलीचे पन्नास मिळतील. कुत्र्याला उपास धरायला लावणारी बाई मात्र एकच झाली, आणि ती माझी विहीण आहे. कुणाला खोटं वाटलं तर त्यानं गाणगापूरला यावं. संगमाच्या रस्त्यावर माझं सहा खोल्यांचं लॉज आहे, तिथं उतरावं आणि बाहेर पडून दिसेल त्या कुत्र्याचा डावा कान बघावा. टोक कापलेलं दिसेल. ती आमच्या विहीणबाईंची सही. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, मला माझी सही करायला अजून वेळ लागतो. त्या बाईंनी अख्ख्या गावावर सही करून ठेवली.

लग्नापासून सांगतो. माझी थोरली लेक कमलनगरला दिली. जावयाची आई, म्हणजे ह्याच विहीणबाई, भालकीकडं जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. नवरा लवकर गेला. बैलांचे पाय धरून धरून त्यांनी पोरगा शिकवला. आता आमच्याकडं विहिणीचा मान म्हणजे काही खेळ नाही. पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, ओटीत इरकल लुगडं घालायचं, आणि त्यात काठ बोटभर कमी निघाला तर नातवंडांच्या लग्नापर्यंत बोलणी ऐकायची. मी सोलापूरला स्वतः जाऊन उंची इरकल आणलं होतं. विहीणबाईंनी लुगड्याचं ताट हातानं मागं सारलं. मी तसा कुणाचं ऐकून घेणारा माणूस नाही, पण मुलीचा बाप होतो.

"काय कमी पडलं, अक्का?" मी विचारलं.

"काई कमी न्हाई, इवाई." आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. "माझा मान तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. लागंल तवा मागून घेईन." आणि मांडवाच्या कडेला पत्रावळी चाटणाऱ्या कुत्रीकडं बोट करून म्हणाल्या, "ही गाभण दिसायलीय. हिला पिसाळायची सुई देलीय का कुणी?" माझ्या लेकीच्या लग्नाच्या फोटोत विहीणबाई कुठंच नाहीत. त्या वेळी त्या मांडवामागं बसून कुत्रीचं पोट चाचपत होत्या.

नोकरी संपल्यावर त्या पाच गुरुवारांची सेवा करायला गाणगापूरला आल्या आणि माझ्या सहा नंबरच्या खोलीत उतरल्या. विहिणीला 'कधी जाणार' असं विचारायची रीत नाही. पाच गुरुवार गेले, पन्नास गेले. आधी त्या खोलीत एक टेबल आलं, मग सुया ठेवायला बर्फाचा डबा आला, मग एक लंगडी कुत्री आली. पाच नंबरमध्ये उतरलेले यात्रेकरू पहाटे भुंकण्यानं उठायला लागले. शेवटी मी खोली वाचवावी म्हणून म्हणालो की लॉजशेजारी माझी रिकामी जागा पडलीय, तिथं चार पत्रे टाका. मी हे तोडग्यासारखं म्हणालो, त्यांनी दानासारखं ऐकलं. आठ दिवसांत तिथं पत्र्याचं शेड उभं राहिलं, पुढून तारेची जाळी, आणि गावातल्या मुक्या जनावरांना आसरा झाला. सहा नंबरची खोलीही सुटली नाही ती नाहीच. ऑपरेशन झालेली जनावरं तिथं आराम करतात.

दर गुरुवारी कलबुर्गीहून एक डॉक्टर यायचा. तो दत्ताचा भक्त, त्यामुळं दर्शनही व्हायचं आणि कातरकामही. रस्त्यावरचं कुत्रं फुकट. घरचं कुत्रं किंवा मांजर असेल तर सुई आणि पिलं बंद करायचं ऑपरेशन मिळून पन्नास रुपये, नाहीतर दोन शेर ज्वारी. मी एकदा म्हणालो, गरिबाला सगळंच फुकट करा की. विहीणबाई म्हणाल्या, "फुकटाच्या सुईला लोकं पाणी समजतेत, इवाई. दोन शेर जवारी देलेला माणूस टाके दाखवायला परत येतो." आणि यायचे. कुणी मांजर पिशवीत घालून, कुणी कुत्रं जीपच्या टपावर बांधून. एका म्हाताऱ्यानं तर आपला बोकड आणला होता. त्याला समजावून परत पाठवायला अर्धा दिवस गेला. त्याचं म्हणणं, ज्वारी आणलीच आहे तर काहीतरी कापाच.

अडचण वेगळीच होती. भूल द्यायची तर जनावराचं पोट रिकामं पाहिजे. बुधवारी रात्रीपासून त्याला घास द्यायचा नाही. आता हे जगात कुठंही जमेल, गाणगापुरात कसं जमावं? इथं दुपारच्या मधुकरीला प्रत्यक्ष दत्त महाराज कुठल्या रूपात येतील सांगता येत नाही, म्हणून यात्रेकरू कुत्र्याला आपल्या आधी जेवू घालतो. त्यात गुरुवार. त्यात शेड संगमाच्या रस्त्यावर. जाळीतून उपाशी कुत्री दिसली की लोक चपात्या टाकायचे, पेढे टाकायचे. विहीणबाईंनी पाटी लावली, 'ऑपरेशन आहे, खायला घालू नये.' लोक पाटी वाचून जास्तच हळहळायचे आणि दुप्पट घालायचे. एक पुण्याचे गृहस्थ तर भांडायला उठले की दत्ताच्या कुत्र्याला उपाशी मारणाऱ्या तुम्ही कोण.

तेव्हा विहीणबाईंनी डोकं लढवलं. बुधवारी प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात भगवी चिंधी बांधली आणि माझ्याकडून नवीन पाटी लिहवून घेतली: 'यांना गुरुवारचा उपास आहे.' अक्षर माझं वाकडं, पण मजकूर लागू पडला. चपाती घेऊन आलेले लोक जागीच थांबले, त्यांनी हात जोडले. आम्हाला वाटलं जिंकलो. डॉक्टर दहा वाजता आला, पहिलं कुत्रं टेबलावर घेतलं, त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. साबुदाण्याची खिचडी. बार्शीकडच्या बायकांचा एक जथा पहाटेच येऊन गेला होता. उपास आहे म्हटल्यावर त्यांनी उपासाचं घातलं. खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. त्यातली एक बाई शेवटच्या कुत्र्याला अजून दाणे सोलून देत होती. त्या दिवशी एकही ऑपरेशन झालं नाही. डॉक्टर दर्शन घेऊन परत गेला.

विहीणबाई रागावल्या नाहीत. खडू माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "एक शबुद वाढवा. निर्जळी." आणि पुढच्या गुरुवारपासून एका कुत्र्याच्या तोंडात शितसुद्धा पडलं नाही. उलट निर्जळी उपासाची कुत्री म्हणून लोक जाळीपुढं नारळ ठेवायला लागले. विहीणबाई ते नारळ फोडून दुसऱ्या दिवशी खोबरं कुत्र्यांनाच घालायच्या. माणसांना खोटं सांगता का म्हणून मी टोचलं, तर म्हणाल्या, "काय खोटं हाय त्यात? उपाशी हायत का न्हाईत?"

बाजारातल्या सगळ्यांनाच हे पटत होतं असं नाही. समोरचा पेढेवाला एकदा चारचौघांना घेऊन शेडवर आला. म्हणाला, "अक्का, दत्ताची चार कुत्री म्हंजे चार वेद. वेदाला कात्री लावायलाव तुमी?"

विहीणबाई एका पिलाला सुई टोचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वेद चारच व्हते, अण्णा. पाचवा, सहावा, चाळिसावा कुणी लिव्हला? दत्ताच्या पायापाशी अजून चारच हायत. देवानं आवरलंय, तर आपल्याला कामून आवरंना?" पेढेवाला चारचौघांना घेऊन आला तसाच परत गेला. मी त्या दिवशी लॉजच्या पायरीवर बसून मुद्दाम मोठ्यानं हसलो. हसणं माझा हक्क होता, जागा माझी होती.

पण पेढेवाल्यानं ते मनात ठेवलं. दत्तजयंतीच्या महिनाभर आधी एका यात्रेकरूच्या पोराला कुत्रं चावलं. पोराला वेळेवर सुया मिळाल्या, ते बरं झालं, पण बाजार पेटला. ठरलं की जयंतीच्या आधी ट्रक आणायचा, सगळी कुत्री भरायची आणि लांब रानात नेऊन सोडायची. विहीणबाई त्यांच्या बैठकीत न बोलावता गेल्या. मी मागोमाग गेलो. त्या म्हणाल्या, "ही कुत्री गेली की चार दिवसांत परगावची येतेत. त्यास्नी ना सुई, ना खूण. त्यापरीस मला ट्रक येईपतोर वेळ द्या. ज्याचा कान कापलेला हाय, त्याला सुई बी झालीय आन् ऑपरेशन बी, ते हितंच ऱ्हाईल. अख्ख्या कानाचं एक जरी घावलं, तर सगळी भरा. मी बी ट्रकात बसते."

"शब्दाला जागा मग," पेढेवाला म्हणाला.

"तुमी ट्रक तेवढा धुवून आणा," विहीणबाई म्हणाल्या.

त्या महिन्यात त्या बाई झोपल्या कधी मला माहीत नाही. डॉक्टर गुरुवारऐवजी आठवड्यातून तीनदा यायला लागला. विहीणबाई हातात भाकरी आणि खांद्यावर जाळं घेऊन मठामागं, घाटावर, बस स्टँडवर हिंडायच्या. दुपारी मधुकरीला जमलेलं कुत्रं अलगद उचलायच्या. एकेक अख्खा कान कमी होत गेला. ट्रक शनिवारी यायचा होता. बुधवारी सकाळी गावात अख्ख्या कानाचं एकच कुत्रं उरलं, आणि ते माझं होतं.

सुलतान. काळा, छातीवर पांढरा टिळा, लॉजच्या पायरीवर बसला की दार आहे असं वाटायचं. सुई त्याला दिली होती; ऑपरेशनला मी हात लावू दिला नव्हता. सात वर्षं जागा दिली, खोली दिली, पाट्या लिहिल्या, पण सुलतानचं नाव काढलं की मी उठून जायचो. ज्याला जे म्हणायचं ते म्हणा. माझ्या दारातला नर नरच राहणार, असं माझं म्हणणं होतं.

"बाजारातली निम्मी पिलं बघा, इवाई," त्या म्हणाल्या. "छातीवर टिळा कुणाचा हाय?"

"असू द्या. घरचं कुत्रं हाय माझं. ट्रकवाल्यानं हात लावून बघावा."

"मग बांधून ठेवा."

"सुलतान बांधून घेत न्हाई."

"कातर त्याला लागणार हाय," त्या म्हणाल्या. "तुमी कामून मांडी आवळून बसलाव?"

मग त्या खाली पायरीवर, सुलतानच्या शेजारी बसल्या, पदर नीट केला आणि लग्नाच्या मांडवात बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "इवाई, माझा मान तुमच्यापाशी ऱ्हायलाय. तो आज मागायलेय."

आता सांगा, मुलीच्या बापानं काय करावं? लुगडं मागितलं असतं तर दहा आणून दिली असती. मी म्हणालो, "घ्या. पण पिंजऱ्यात न्हाई घालायचं त्याला. उपास मी धरवतो." आणि मी धरवला. बुधवारी संध्याकाळपासून मी पायरीवर सुलतानच्या शेजारी काठी घेऊन बसलो. त्याला नाही तर मलाही नाही, पाणीसुद्धा नाही. गुरुवारी सकाळी गर्दी सुरू झाली. जो चपाती काढेल त्याला काठी दाखवायची. एका बाईनं विचारलं, "बाबा, कुत्र्याचा निर्जळी हाय व्हय?" मी म्हटलं, दोघांचा. ती आधी सुलतानच्या पाया पडली आणि मग माझ्या. दहा वाजता मी त्याला स्वतः उचलून टेबलावर ठेवलं. भूल चढेपर्यंत तो माझ्याकडं बघत होता. डॉक्टरनं कानाचं टोक कापलं तेव्हा मी बाहेर गेलो. विहीणबाईंनी मला पाणी आणून दिलं आणि त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यातलं तेवढं एकच गप्प बसणं मी पाहिलं.

शनिवारी ट्रक आला. पेढेवाला हातात दोर घेऊन गावभर हिंडला, बस स्टँड ते संगम. दुपारी माझ्या पायरीशी आला. सुलतान सहा नंबरच्या दारात आडवा पडला होता. पेढेवाल्यानं वाकून कान बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी मिशीवर हात फिरवला. ट्रक रिकामा वळायला लागला तसं विहीणबाई शेडमधून भाकऱ्यांची पाटी घेऊन आल्या आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. "रिकामा कामून न्यायलाव? घाटापतोर सोडा मला. तिथली कुत्री वाट बघायलीत."

आता त्यांचे गुडघे गेले. माझी लेक आणि जावई त्यांना कमलनगरला घेऊन गेले, ते बरंच केलं. शेड मी चालवतो. डॉक्टर येतो, पाटी मी लिहितो, पेढेवाला आपलं मांजर घेऊन आला तेव्हा त्याच्याकडून दोन शेर ज्वारी मोजून घेतली. सुलतान म्हातारा झालाय. बुधवारी संध्याकाळी सहा नंबरच्या दारात जाऊन बसतो आणि दार हुंगतो. विहीणबाई फोन करतात. नातवंडांचं सांगत नाहीत, गुडघ्यांचं सांगत नाहीत. एकच विचारतात, "अख्ख्या कानाचं कुणी दिसलं का, इवाई?"

नाही म्हटलं की फोन ठेवतात.

'अक्का, या एकदा' असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. जन्मात कुणाला बोलावलेलं नाही मी. म्हणून गेल्या सोमवारी सांगितलं, "एक दिसायलंय. तांबूस रंगाचं. लई चलाख हाय, आमच्यानं घावंना. तुमालाच यावं लागतंय."

त्या म्हणाल्या, "गुरुवारी सकाळच्या गाडीनं येते. त्याला बुधवारी रात्री काई घालू नका."

मी 'न्हाई घालत' म्हटलं. गावात तांबूस कुत्रं नाही. पण शब्द दिला होता, म्हणून बुधवारी रात्री मी जेवलो नाही.