दळवींनी लपवलेली अमावस्या

"ताई, तुमच्या एआयनं आमचं बुकिंग खाल्लं," दळवी फोनवर म्हणाले. मागून शिडी ओढल्याचा आवाज येत होता.

दळवी डोंबिवलीतल्या एका छोट्या हॉलचे मॅनेजर. दारात केळीचे खांब भरलेला टेम्पो उभा, आत रंगारी भिंतीवर चढलेले. दुपारी दीडशे माणसं जेवायला येणार, हे दळवींना टेम्पोवाल्याकडून कळलं. मालक गावाला. त्यांच्या कानावर गेलं तर नोकरी जाणार, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरून थेट रिक्षा पकडली. पोचेपर्यंत माझं काम सांगते. मला कोडिंग येत नाही, माझ्या गिऱ्हाइकांनाही नाही. पण हल्ली ब्राउझरमध्ये बसवायचं एक एआय टूल मिळतं. वेबसाइटच्या शेजारी चौकट उघडते, तिच्यात सरळ मराठीत लिहायचं, हे बटण मोठं कर, ते खाली ने. की झालं. फक्त आपल्या स्क्रीनवर हं. मूळ वेबसाइट नि आतली माहिती तशीच राहते. घर तेच, आपण पडदे बदलायचे. मी माझी मीच शिकले, आता इतरांना शिकवते. दळवींना बुकिंगच्या वेबसाइटवरची अक्षरं दिसत नव्हती, ती मोठी करून दिली. मग त्यांना चटकच लागली.

पोचल्यावर दळवींच्या स्क्रीनवर बुकिंगचं कॅलेंडर उघडलं. कालची तारीख होती, उद्याची होती.

"दळवी, आजची कुठंय?"

"आज अमावस्या ना. आपल्याकडे अमावस्येला कोण कार्य करतं? उगाच मधे येते, म्हणून मीच त्याला सांगितलं, ज्या तारखेखाली अमावस्या लिहिलंय ती दाखवू नकोस."

"आणि रंगारी?"

"हॉल रिकामा म्हणून बोलावले."

मी टूल बंद केलं. आजची तारीख परत आली, आणि तिच्यात गिऱ्हाइकानं स्वतः ऑनलाइन केलेलं बुकिंग. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरची अमावस्या कुणी लपवली होती?

तेवढ्यात ते गिऱ्हाईकच आलं. मणीकाका. अख्खा जन्म डोंबिवलीत गेलेला, आता इडलीच्या पिठाचा धंदा सुरू करत होते.

"काका, अमावस्येला?" दळवींनी विचारलंच.

"आम्हा तमिळ लोकांत नवीन कामाला चांगला दिवस. वर हॉल हमखास मिळतो. तुम्ही लोक घेत नाही ना."

मामींनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, भिंतीला बोट लावलं. बोट मोरपिशी झालं. मी डोळे मिटून घेतले.

"एकच भिंत ओली आहे," मामी म्हणाल्या. "शिड्या राहू द्या. केळी त्यांनाच बांधा. कोणी टेकणार नाही."

काकांचे एक व्याही तरीही टेकले. त्यांची पाठ सोडली तर कार्य झकास झालं. सांबाराच्या वासापुढे रंगाचा वास टिकला नाही. जाताना काकांनी आणखी दोन अमावस्या बुक केल्या. वेबसाइटवर पाहून गावाहून मालकांचा फोन आला, "दळवी, अमावस्येला बुकिंग? कसं काय जमवलंत?" दळवी म्हणाले, "प्रयत्न करतो साहेब."

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना आधी हेच शिकवते, नको असलेलं लपवायचं नाही, फिकट करायचं. स्क्रीनवरून गेलेली गोष्ट टेम्पो घेऊन दारात येते. दळवींना पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं,

"ताई, मालकांचे मेसेज फिकट होतील का?"