रात्रीच्या दहा तोट्या

हिंगण्याच्या कारखान्यात नळाच्या तोट्या बनतात. तिथे मी रात्रपाळीत माल तपासायचो. ही पाळी मी मागून घेतली होती, कारण वडिलांना लकवा मारलेला. दिवसा त्यांच्याजवळ मी असायचो आणि बायको सीताबर्डीला साड्यांच्या दुकानात जायची. दुकानात तिचा शब्द चालायचा. तिथून ती हसत घरी यायची आणि मग मी कंपनीची बस पकडायचो.

एका सकाळी साहेबांनी मला थांबवलं. फळ्यावर तक्ता काढलेला होता. आडव्या ओळींत दिवस आणि रात्र, उभ्या रकान्यांत चांगला माल आणि खराब माल. दिवसाच्या आठशे तोट्यांत चाळीस खराब, रात्रीच्या दोनशेत दहा. एकूण हजार.

"दिवसाचा खराब माल चार टक्के, रात्रीचा पाच," साहेब म्हणाले. "रात्रीवाले झोपून राहिले. पाळीच बंद करतो."

माझं डोकंच फिरलं. चाळीसला त्यांनी हजाराने भागलं होतं आणि दहाला दोनशेने. भाजीवाल्याने अशी दोन मापं वापरली असती तर बायकोने त्याचा ठेला उलटवला असता. पण हे साहेब पडले.

"साहेब, दोघांले एकाच हिशेबानं भागा," मी म्हणालो. "तोटी दिवसाची बी अन् खराब बी, हे दोन्ही संगं पाहायचं तर हजारानं. मंग रात्रीलेही हजारच लागते. अन् पाळी पाळीची तुलना करायची असंल तर..."

"तू काहून तापून राहिला गा? हजारानं तर हजारानं."

त्यांनी फळा पुसून नव्याने लिहिलं. दिवसाची आणि खराब, चार टक्के. रात्रीची आणि खराब, एक टक्का. भागाकार अगदी बरोबर होता. आपापल्या पाळीच्या मालाने भागलं तर दोघंही पाचावरच येतात, हे मी सांगणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"म्हणजे रात्रीवाले चौपट चांगले. मंग तुमाले रात्री ठेवून काय फायदा? सोमवारपासून दिवसा या, तिथला माल सुधरवा."

दिवसा माल चौपट बनतो म्हणून खराबही चौपट निघतो, हे मी तीन तऱ्हांनी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "मी तारीफ करून राहिलो अन् तू भांडून राहिला," असं म्हणून ते चहा प्यायला गेले. बसमध्ये मी दातओठ खात बसलो. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

घरी बायको दुकानाची साडी नेसून वडिलांना बशीने चहा पाजत होती. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"अजी, मंग तुमचं गणित बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

तिने वडिलांचं तोंड पुसलं, बशी खाली ठेवली आणि दुकानाच्या शेठजींना फोन लावला. "सोमवारपासून माह्यं येणं नाही जमणार जी," ती म्हणाली.