बत्तीस ओळींचा काठ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल तर ते एवढंच — शनिवारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एक प्लेट तर्री-पोहे दोन चमच्यांनी खाल्ले. तर्री तिखट झाली म्हणून शेवंता, माझी बायको, मलेच बोलली, जशी काही ती मीच केली होती... पुढच्या गुरुवारी ती गेली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात, दोन तासांत.

आधीच सांगून ठेवतो. भूत, आत्मा, मेलेलं माणूस स्वप्नात येणं — हे मले कधी पटलं नाही. दहाव्याले कावळा शिवत नव्हता तर लोक मले काय काय कबूल करायले सांगून राहिले होते. मी म्हटलं, त्याले भूक नसन, चला घरी. मी चौथी शिकलेला विणकर. जे झालं ते लिहितो. पटलं तर पटलं.

आम्ही म्हातारे कॉलेजात काहून जात होतो? सक्करदऱ्याच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक मॅडम भाड्यानं राहतात. पोरापोरींले मोबाइलचं अॅप बनवायले शिकवतात. त्यांचा एक नियम — अॅप झालं की आधी अशा माणसाच्या हातात द्यायचं, ज्याले मोबाइलमधलं काही कळत नाही. असे दोघं त्याईले घरातच सापडले. दर शनिवारी आम्ही जाऊन बसायचो. ज्यानं अॅप बनवलं त्यानं तोंड उघडायचं नाही, बोट दाखवायचं नाही, आम्ही कुठं अडकतो तेवढं पाहून लिहून घ्यायचं. मी गपचूप दाबत बसायचो. शेवंता मात्र पोराईले सोडत नव्हती. एकाले म्हणाली, "बापू, हे बटन लपवून काहून ठेवलं? चोरी होते काय त्याची?" पोरं हसायचे, पण पुढच्या शनिवारी बटन समोर यायचं.

पल्लवी नावाच्या पोरीनं साडीच्या काठाचं अॅप केलं होतं. एक चौकोन म्हणजे एक धागा, बोट लावलं की रंग भरते. तिनं शेवंताले घरचा एखादा काठ मागितला. शेवंतानं आपल्या आईचा दिला. बत्तीस ओळींचा.

हा काठ कागदावर कुठंच नव्हता. मागावर मी आडव्या धाग्याचा धोटा फेकायचो, काठाचे धागे ती शेजारी बसून उचलायची, सगळी मोजणी तिच्या डोक्यात. अन् विणकराच्या घरी चांगलं लुगडं राहत नाही, विकल्या जाते. त्या शेवटच्या शनिवारी तिनं एकोणीस ओळी भरल्या. कंबर धरली, बाकीच्या पुढच्या वेळी, म्हणून ती उठली.

तेरा ओळी तिच्याबरोबर गेल्या.

लोकाईले वाटे मी बायकोसाठी बसून राहतो. ते तर होतंच... पण मी त्या तेरा ओळी आठवून राहिलो होतो. चाळीस वर्षं डोळ्यासमोर विणल्या अन् डोक्यात एक धागा नाही. मले माझीच लाज वाटे. कॉलेजात जाणं सोडून दिलं.

तेरवी होऊन आठेक दिवस झाले असतील. रविवारी दुपारी मॅडम अन् पल्लवी खाली आल्या. पोरीचा चेहरा उतरलेला. शेवंतानं ज्यावर काठ भरला होता, कॉलेजचा तो मोबाइल तिनं माझ्या हातात दिला.

"आजोबा, तुम्ही येऊन हे भरलं का?"

काठ पुरा होता. बत्तीसच्या बत्तीस.

विसावी ओळ पाहिली अन् माझे पाय आपोआप हलले — मागाच्या पावड्या दाबायचे तसे. तोच काठ. आठवत नव्हता, पण समोर आल्यावर डोळे फसणार नाहीत.

मॅडम म्हणाल्या, त्या शनिवारपासून मोबाइल त्यांच्या कपाटात होता, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. काल काढला तेव्हा बॅटरी पार उतरलेली. पल्लवीनं अॅपमध्ये प्रत्येक ओळ कधी भरली त्याची वेळ ठेवायची सोय केली होती, माणूस कुठं अडते ते कळावं म्हणून. एकोणीस ओळी शनिवारच्या. बाकीच्या तेरा ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, शुक्रवार, दुपारी दोन ते सव्वातीन. शुक्रवारी दोन वाजता आम्ही तिले घेऊन घाटावर होतो.

मॅडम शिकलेली बाई. त्याईनं मोबाइलचं घड्याळ तपासलं, एकेका पोराले बाजूले घेऊन विचारलं, दुसरीकडून कॉपी आली का तेही पाहिलं. मी पण म्हटलं, कोण्या पोरानं आपल्या मनानं भरलं असन, योगायोगानं जमलं असन. तेवढ्यात पल्लवी हळूच म्हणाली, "एकतिसाव्या ओळीत एक चौकोन चुकला आहे, आजोबा. सगळे लाल, मधेच एक हिरवा. दुरुस्त करून टाकू?"

"हात नको लावू."

आवाज मोठा निघाला. पोरगी दचकली.

शेवंताच्या माहेरची रीत होती ती. काठ संपायच्या एक ओळ आधी एक धागा मुद्दाम चुकवायचा, म्हणजे नेसणारीले नजर लागत नाही. व्यापारी बोंबलायचे, मी चिडायचो, ती ऐकत नव्हती. हे तिनं पोराईले सांगितलं नव्हतं; एकोणिसाव्या ओळीपर्यंत सांगायचं कारणच नव्हतं. अन् मी तर साफ विसरलो होतो.

हे सगळं मी त्या दोघींले सांगितलं. पल्लवीनं विचारलं, आता या काठाचं काय करायचं?

"काठाचं काय करतात पोरी? विणतात."

कसं झालं ते मले आजही माहीत नाही. मॅडमलेही नाही. आत्मा-बित्मा मी अजूनही मानत नाही... पण त्या तेरा ओळी कोणी भरल्या असं विचाराल, तर माझ्यापाशी दुसरं नावही नाही.

माझा माग मी कधीचाच विकला. सोमवारी सकाळी पहिल्या एसटीनं उमरेडले पुतण्याकडे गेलो, त्याचा माग अजून चालू आहे. त्याले मागावर बसवलं, त्याच्या बायकोले शेजारी, धागे उचलायले. पल्लवीनं काठ माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिला होता. तो समोर धरला अन् मोठ्यानं मोजणी सांगायले लागलो — दोन लाल, एक सोड, तीन लाल...

चौथ्या ओळीवर सूनबाई थांबली. म्हणाली, "मामाजी, जरा हळू सांगा. मी पहिल्यांदाच शिकून राहिली."

मी परत पहिल्या ओळीपासून सुरू केलं.