बाईंच्या नावावर नऊ पिशव्या

रक्तपेढीतल्या बाईंना सगळे मागून 'खाष्ट' म्हणत, आणि त्या होत्याच खाष्ट. सव्वीस वर्षांत एकही चुकीची पिशवी बाहेर गेली नव्हती, ती काय गोड बोलून?

आताचे साहेब म्हणजे त्यांनीच बोटाला धरून शिकवलेला पोरगा. खुर्ची मिळाल्या मिळाल्या त्याने जुन्या प्रोग्रॅमवर रंगीत चित्रांचा नवा साज चढवला. लाल चौकोन, हिरवा चौकोन, माउसने टिचकी मारली की काम झालं. बाईंचा माउस पडद्यावर वाट चुकायचा. 'यांना झेपत नाही' असा शेरा मारून साहेबाने त्यांना लेबलं चिकटवायला बसवलं, आणि त्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवरचं त्यांचं नावही, म्हणजे लॉगिन, बंद करून टाकलं. ऐकलं तशी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाराच्या सुमाराला मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, ते चित्रांशिवायच. काळा पडदा, पांढरी अक्षरं, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. साहेबाने माउस आपटून पाहिला आणि जाहीर केलं, मशीन मेलंय, इंजिनिअर चारला येईल. मेलं-बिलं काही नव्हतं. चित्र काढता येईना म्हणून प्रोग्रॅम नुसत्या अक्षरांवर आला होता, बाई वर्षानुवर्षं चालवायच्या तसा. नोंदी सगळ्या शाबूत होत्या, टिचकी मारायला चौकोन तेवढे नव्हते.

तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, दोन पिशव्या आत्ताच्या आत्ता हव्यात. साहेबाने घाईने माउस बाजूला सारला. खुर्ची सोडून तो बाईंना म्हणाला, माझ्या नावावर बसा.

बाई उठल्या, पण बसल्या नाहीत. "पिशवी जो तपासतो त्याच्याच नावाने बाहेर जाते, साहेब. मीच शिकवलंय तुम्हाला. आधी माझं नाव चालू करा."

चित्रांशिवाय ते कसं करायचं हे त्याला कुठे ठाऊक! बाईंनी एकेक अक्षर सांगितलं आणि साहेबाने एका बोटाने ते टाइप केलं, घाम पुसत, सगळ्यांसमोर. अर्धं मिनिट लागलं. खोटं कशाला बोला, तिकडे ती पोर जिवाशी झुंजत असताना बाईंना त्या अर्ध्या मिनिटाची चव आली.

मग त्या बसल्या. बोटांना सगळं आठवत होतं. दोन पिशव्या गेल्या, बाळंतीण वाचली. चारपर्यंत आणखी सात गेल्या. साहेब मागे हात बांधून उभा होता.

चारला इंजिनिअर आला, चित्रं परत आली. पाचच मिनिटांत साहेबाने एका टिचकीसरशी बाईंचं नाव पुन्हा बंद केलं. आभार नाहीत की काही नाही. लेबलांच्या टेबलाकडे नुसतं बोट दाखवलं.

बाईंनी पर्स उचलली. तो साहेब झाल्यापासून त्यांनी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"नऊ पिशव्या माझ्या नावावर गेल्यात. ते तुला पुसता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून लेबलं तूच चिकटव."