मारोतरावांची म्हैस आणि माझा गोल्फ

तुम्ही मला शहाणा माणूस समजता ना? समजा, समजा. चहा संपेपर्यंत खुशाल समजा. आमच्या अक्कानं ही गोष्ट लग्नात सांगितली, बारशात सांगितली, एकदा तर एस.टी.त शेजारी बसलेल्या परक्या बाईला सांगितली. म्हटलं, आज आपणच सांगून टाकावी. निदान माझ्या बाजूनं कोणीतरी बोललं असं होईल!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, आमचं सगळं परभणीत. मी डिप्लोमा करून मध्य प्रदेशातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. कारखान्याची कॉलनी मोठी झकास, आणि त्या कॉलनीत काय असावं? गोल्फचं मैदान! मोठ्या साहेबांना खेळायला जोडीदार मिळेना, म्हणून त्यांनी मला धरलं. साहेबाला नाही कोण म्हणणार? चार वर्षं खेळलो. साहेब रिटायर झाले तेव्हा जाताना त्यांच्या पाच जुन्या काठ्या, ती लांबोडकी बॅग आणि डझनभर चेंडू मला देऊन गेले.

साहेब गेले आणि सहा महिन्यांत कारखानाही बंद पडला.

ट्रंक, वळकटी आणि ती बॅग घेऊन मी अक्काकडं आलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वारंगा फाट्यापासून तीनेक मैलांवर तिचं गाव. आमची माय नांदेडला मोठ्या भावाकडं होती, पण तिथं पाय पसरायला जागा नव्हती.

अक्कानं दारातच बॅगेकडं बघितलं. "हे काय रं बापू? बॅन्डात लागला काय?"

"अक्का, हा साहेब लोकांचा खेळ आहे."

"नोकरी गेली आन् खेळ तेवढा तुह्या गळ्यात ऱ्हायला व्हय!"

मी अर्जांवर अर्ज केले. नागपूरला एका कागद कारखान्यात मुलाखतही झाली. तिथले साहेब म्हणाले, "कळवू." आता हा 'कळवू' शब्द ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल! आमच्या गावाला पोस्टमन आठवड्यातून दोनदा पायी यायचा. म्हातारा माणूस, गुडघे दुखायचे त्याचे. तो यायच्या दिवशी मी सकाळपासून वेशीत उभा. तो लांबूनच हात हलवायचा, म्हणजे काही नाही. शेवटी शेवटी तर तो बिचारा माझी नजर चुकवून मागच्या गल्लीनं गावात शिरायला लागला.

घरात बसलं की अक्का माझ्याकडं बघायची आणि उसासा टाकायची. म्हणून मी बॅग उचलली आणि गावाबाहेरचा माळ गाठला. खुरप्यानं सहा खड्डे केले, त्यात तुपाचे रिकामे डबे पुरले, अक्काच्या फाटक्या लुगड्याच्या चिंध्या काटक्यांना बांधून निशाणं लावली. झालं मैदान! सकाळी तीन राउंड, संध्याकाळी दोन. पाऊस असला तर एक. तीन महिने हाच धंदा. खोटं नाही सांगत, एवढा गोल्फ त्या मोठ्या साहेबानंही जन्मात खेळला नसेल.

सुरुवातीला गाव बघायला यायचं. एकदा आमचे दाजी, म्हणजे अक्काचे मालक, येऊन उभे राहिले. अतिशय शांत माणूस.

"बापूराव, हे काय करून राहिले?"

"चेंडू हाणायचा दाजी, आणि त्या डब्यात घालायचा."

"हाणल्यावर?"

"त्याच्या मागं जायचं. पुन्हा हाणायचा."

दाजींनी डब्यात डोकावून बघितलं. "मंग हातानं नेऊन का न्हाई टाकत? तकलीफ वाचंल."

मी पुढचा चेंडू ठेवला आणि हाणला.

तर भादव्याचा महिना. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, माळ हिरवागार. सकाळचे दहा वाजले असतील. चौथ्या खड्ड्यासाठी मी काठी उचलली आणि काय सांगू, असा फटका बसला, असा बसला! आयुष्यात एकच असा बसतो. चेंडू उंच गेला, निशाणावरून गेला, बांधावरून गेला आणि पलीकडं ओढ्याच्या अंगाला उतरला.

'थप्प!' असा आवाज झाला. मऊ. भरीव.

मी टाचा उंच करून बघितलं. बांधापलीकडं मारोतरावांची म्हैस उभी होती. होती! कारण माझ्या डोळ्यांदेखत तिनं पुढचे पाय दुमडले, मग मागचे, आणि धपकन खाली बसली. मान टाकली. हालेना.

ही काही साधी म्हैस नव्हती हो. चंद्री नाव तिचं. अर्ध्या गावाचा चहा तिच्यावर. आणि मारोतराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी. मिशी अशी, आवाज असा. आमचे दाजी नऊ वर्षं त्यांचीच जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं करत होते. म्हणजे बघा, दुनियेत एवढ्या म्हशी, आणि मी मारली कुठली?

जवळ जाऊन बघावं, एवढी साधी अक्कल सुचायला पाहिजे होती. नाही सुचली. कारण तेवढ्यात माळावर सायकल दिसली. सायकलवर खाकी कपड्यातला माणूस, आणि तो माझ्याकडंच हात करून ओरडत होता!

"ओ साहेब! थांबा! तुमाला मार हाय!"

ऐकलंत? मार!

"मार हाय! अर्जंट हाय!"

आता म्हैस पडून पाच मिनिटं झाली नव्हती. एवढ्यात पोलीस येतोच कसा? हा विचार तुम्हाला आत्ता इथं बसून सुचतोय. मला सुचला नाही. मी बॅग खांद्याला मारली आणि पळत सुटलो. पळताना त्या पाच काठ्या बॅगेत अशा खडखडायला लागल्या की आंधळ्यालाही कळावं चोर कुठं चाललाय. मागून सायकलची घंटी! मी सरळ ज्वारीत घुसलो आणि खाली बसलो. अंगाला ज्वारीची खाजरी कूस लागलेली, नाकात किडे, आणि बाहेर तो माणूस बांधावरून हाका मारतोय, "अहो, काहून पळता? घेऊन तर टाका!"

काय घेऊन टाका? मार?

तासाभरानं शांत झालं. मी तसाच ज्वारीतून वाट काढत फाट्यावर आलो. म्हटलं नांदेडची गाडी पकडावी, पुढचं पुढं बघू. हॉटेलात चहा मागितला तर हॉटेलवाला माझ्या बॅगेकडंच बघत राहिला.

"तुमीच का ते?"

"कोण ते?"

"आत्ता एक खाकीवाला चहा पिऊन गेला. म्हणे, काठ्यांची पिशवी घेतलेला माणूस दिसला तर थांबवा. म्हणे, मला बघून पळाला. लई महत्त्वाचं काम हाय म्हणे."

चहा तसाच ठेवून मी उठलो. तेवढ्यात नांदेडची गाडी आली. मी धावत जाऊन पायरीवर पाय ठेवला. आणि तिथंच थबकलो.

मला दाजी दिसले. म्हणजे खरोखर नाही, डोळ्यांपुढं. मारोतराव ओसरीवर उभे, आणि खाली दाजी मान घालून. या माणसानं तीन महिने मला एका शब्दानं विचारलं नव्हतं की बाबा, कधी जातो. भाकरी आधी माझ्या ताटात वाढायला लावायचा. आणि मी त्याची जमीन घालवून नांदेडला पळून चाललो होतो.

"ओ पावणं," कंडक्टर ओरडला, "येऊन राहिले का जाऊन राहिले?"

"जाऊन राहिलो," म्हटलं, आणि पाय खाली घेतला.

तीन मैल चालत परत आलो. वाटेत भाषण पाठ केलं. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि ऐकतो तर काय, अक्काच्या घरातून रडणं! एकटी अक्का नाही, सात-आठ बाया. ओसरीवर पुरुष माणसं डोक्याला हात लावून बसलेली. मध्ये दाजी. आणि दाजींच्या शेजारी खुद्द मारोतराव, दाजींच्या खांद्यावर हात ठेवून!

मी मनात म्हटलं, काय थोर माणूस! म्हैस याची गेली आणि हाच दाजींना धीर देतोय. आणि म्हशीसाठी एवढं रडणं? पण असेल, अर्ध्या गावाचा चहा बंद झाला शेवटी.

मी ओसरीपुढं उभा राहिलो. पाठ केलेलं भाषण सगळं विसरलो.

"अक्का," म्हटलं, "रडू नको. दाजींची काही चूक नाही. मीच मारलं."

रडणं थांबलं.

अक्का उठून उभी राहिली. "कोणाला मारलं रं?"

"मुद्दाम नाही मारलं. एकच फटका बसला. जागेवरच पडली."

"पडली?" दाजी पांढरेफटक. "कोण पडली, बापूराव?"

अक्कानं तोंडावर पदर घेतला. "तरीच! तरीच खाकीवाल्याला बघून पळाला हा! अरे, माझ्या घरात खून करून आलास व्हय रं!"

"खून नाही अक्का! म्हैस! मारोतराव, मला काय करायचं ते करा, पण दाजींना काही बोलू नका. तुमची चंद्री गेली."

मारोतराव सावकाश उठले. मिशीवरून हात फिरवला.

"चंद्री? आत्ता पाणी पाजून येऊन राहिलो मी तिला."

"पण... ती पडली ना! ओढ्याजवळ! पाय दुमडून, मान टाकून..."

"तिथं चिखलाचं डबकं हाय बापूराव. दहा वाजले की ती रोज बसती त्याच्यात. म्हैस हाय ती. चिखलात बसनार न्हाई तर काय खुर्चीवर बसंल?"

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. असं हलकं, असं हलकं वाटलं म्हणता! तीन मैल जी म्हैस पाठीवर घेऊन चाललो होतो ती कोणी तरी उतरवून घेतली. म्हटलं, "मग तुम्ही सगळे रडताय कशासाठी?"

अक्कानं मूठ पुढं केली. घामानं भिजलेला एक कागद. "तार आली बापू. तो तारवाला कळमनुरीहून सायकलीवर आला. तुला हाका मारल्या तर तू पळून गेला म्हणे. मला वाटलं, तुला आधीच कळलं. मला वाटलं, माय..."

तार! मार नव्हे हो, तार! तारवाला घसा फोडून सांगत होता, "तुमाला तार हाय!" आणि मी ज्वारीत कान झाकून बसलो होतो!

अक्का सकाळपासून तो कागद मुठीत धरून होती. फोडायची हिंमत झाली नव्हती. गावात इंग्रजी वाचणारे एकटे मास्तर, ते तालुक्याला गेलेले. त्या काळी तार म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी, दुसरं काही असतं हे आमच्या गावात कोणाला माहीतच नव्हतं. मी कागद फोडला.

दोन ओळी इंग्रजी. मी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

"काय हाय?" अक्का कुजबुजली. "माय...?"

"माय बरी आहे अक्का. तिचं यात काहीच नाही. मला नागपूरची नोकरी लागली. पंधरा तारखेला हजर व्हा म्हणतात."

अक्कानं माझ्या पाठीत असा एक दणका घातला की तारवाल्यानं आणलेला नसला तरी मार मला बराबर पोचला! आणि मग मला धरून पुन्हा रडायला लागली, पण हे रडणं वेगळं होतं.

"म्हंजी," दाजींनी हळूच विचारलं, "कोनीच मेलं न्हाई?"

"कोणीच नाही दाजी."

शेजारची म्हातारी सोनाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे पुसले आणि वैतागून म्हणाली, "मंग सकाळधरनं आमी रडून कोणासाठी राहिलो? घसा बसला ना माझा!"

मग काय विचारता! चंद्रीच्याच दुधाचा चहा झाला. आणि चहा पिता पिता मारोतरावांच्या मनात आलं. "बापूराव, तो फटका बघू द्या एकदा. एवढ्या मोठ्या म्हशीचा जीव घेनार व्हता, म्हंजी काय साधा असंल?"

सगळं गाव माळावर! बायासुद्धा. मी ऐटीत चेंडू ठेवला. शेलकी काठी काढली. लोकांना मागं सरकायला सांगितलं. "लांब व्हा, लागेल कोणाला!" मारोतरावांनी तर लेकरं बांधामागं पाठवली. मी पाय रोवले, काठी खांद्यावरून पार मागं नेली, सगळी ताकद लावली आणि हाणली!

ढेकूळ उडालं. हातभर गवत उडालं. मी स्वतःभोवती गर्रकन फिरलो आणि बसलो. आणि चेंडू? चेंडू ठेवला होता तिथंच, तसाच.

मारोतराव पुढं आले, वाकून चेंडूकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि मोठ्या मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"बापूराव, पंधरा तारखेची वाट नका बघू. उद्याच जावा नोकरीवर."