वहीतलं डबकं

अय्यूबचाचांनी कतारच्या दोहा शहरात बावीस वर्षं लोकांचे स्विमिंग पूल साफ केले आणि त्यांतल्या एकातही पाऊल बुडवलं नाही. नोकरांना मनाई होती. २०१० साली ते आपल्या कोन गावी कायमचे परतले आणि घरामागे, शेवग्याखाली, स्वतःचा पूल बांधला. बारा बाय वीस फूट, छातीइतका खोल, निळ्या फरशीचा. पोहता त्यांना येत नव्हतंच. "पाणी निळं दिसलं की बस," म्हणायचे.

पहिल्याच पावसाळ्यात फिल्टरची मोटर जळाली. नवी मिळेपर्यंत शेवाळ माजलं, पूल पालकाच्या पातळ भाजीसारखा झाला. नेमकी तेव्हाच आरोग्यसेविका सुनीता डासांच्या तपासणीला आली. तिनं वहीत 'डबकं – १' लिहिलं आणि अळ्या खायला पिशवीतले गप्पी मासे पाण्यात सोडले.

"अगं, हा स्विमिंग पूल आहे!"

"मग पोवतं कोन यात?"

"कोणी नाही."

"मग साचलेलंच पानी ना, चाचा. तुमी वाईट नका वाटून घेऊ. गावात आनखी सहा डबकी हायत."

चाचांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. बावीस वर्षांचं हुनर, आणि नोंद डबक्याची. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी होती. तेव्हा तो शब्द खोडून घ्यायचाच, असं त्यांनी ठरवलं.

क्लोरीन टाकलं तर मासे मरणार. म्हणून ताहिराचाचींच्या ओढणीनं आधी मासे गाळले. एव्हाना त्यांना पिल्लं झाली होती. बादल्या भरल्या, पातेली भरली, शेवटी ईदच्या बिर्याणीचा डेगही भरला.

"चहा कशात करू?" चाचींनी विचारलं. "की माशांनाच विचारून येता?"

नवी मोटर बसली. चाचांनी भिंती ब्रशनं घासल्या. उन्हात क्लोरीन उडून जातं, म्हणून दिवस मावळताना पावडर बादलीत विरघळवून कडेकडेनं सोडली. हिरवं पाणी राखाडी झालं, मेलेलं शेवाळ तळाशी बसलं, ते त्यांनी पाइपनं ओढून काढलं. तपासणीच्या दिवशी तळाच्या फरशा मोजता येत होत्या. तरी पहाटे त्यांनी आणखी एक डोस दिला. नुसती चमक यावी म्हणून.

सुनीता आली. पाणी पाहून हरखली, पण वही काही उघडेना.

"झ्याक झालंय. पन पोवतं कोन?"

क्लोरीन टाकल्यावर दिवसभर उतरायचं नाही, हे चाचांनी दोह्यात प्रत्येक मालकाला बजावलं होतं. आता ते कुडत्या-लुंगीसकट उतरले आणि छातीभर पाण्यात हात हलवू लागले.

"हे पोवनं नाय, चाचा. हे उबं ऱ्हानं हाय."

"अहो, पाय उचला की!" चाची काठावरून ओरडल्या.

चाचांनी पाय उचलले. क्षणभर पाण्यानं त्यांना धरून ठेवलं, ओळखीच्या माणसाला धरावं तसं. मग सोडून दिलं.

खोकत, शिंकत ते वर आले. सुनीतानं वही उघडली, पेन चालवलं. मग त्यांच्या लालबुंद डोळ्यांकडे पाहून दुसरं पान काढलं आणि लिहिलं, 'डोळे आलेले – १'.

"आठ दिवस पान्यात उतरायचं नाय."

"ते राहू दे," चाचांना डोळे उघडता येत नव्हते. "ताहिरा, तू बघ. खोडलं का तिनं?"

चाचींनी वही हातात घेऊन मागचं पान उलटलं.

"खोडलंय. दोन रेघा मारल्यात."