नागपुरातलं अमेरिकेचं घड्याळ

नागपूरच्या विमानतळावर मी निघाले तेव्हा बाबांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "तिकडे आत्ता किती वाजले असतील?" आई रडत होती, माझा नवरा समीर ट्रॉलीवरून घसरणारी बॅग सावरत होता, काकू "चला, उशीर होतोय" म्हणत होत्या, आणि बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हिशेब करत होते. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवलेला माणूस. निरोप द्यायची वेळ आली की ते अक्षांश-रेखांशांत शिरायचे. मी वैतागून म्हटलं, "पोचल्यावर सांगते ना बाबा." आणि आत गेले.

दुसऱ्याच दिवशी ते सीताबर्डीवर जाऊन भिंतीवरचं एक साधं पांढरं घड्याळ घेऊन आले. बैठकीत जुन्या घड्याळाच्या शेजारी खिळा ठोकून ते लावलं आणि खाली फळ्यावरच्या त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली, 'अमेरिका'. तुमच्यापैकी ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांच्या घरी असं दुसरं घड्याळ असेलच. इकडे अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळं तासाने पुढे-मागे करतात. त्या तारखा बाबांना पाठ होत्या. बरोबर त्या दिवशी ते स्टुलावर चढायचे आणि काटा फिरवायचे. आमच्या न्यू जर्सीतल्या, वेस्ट विंडसरच्या घरात मायक्रोवेव्हवरची वेळ मात्र आठवडाभर चुकीची असायची.

बारा वर्षं आमची सगळी रजा नागपूर आणि पुण्याला गेली. दर वर्षी तीन आठवडे, त्यातला एक जेट लॅगमध्ये, एक लग्नं-मुंजी-भेटीगाठींत आणि उरलेला सासर-माहेर कोणाला किती दिवस यावरच्या रुसव्यात. तेराव्या वर्षी समीर म्हणाला, "यार, दर वर्षी इंडिया. एकदा तरी स्वतःचं व्हेकेशन घेऊ. युरोपात कॅम्परव्हॅन रेंट करू, इराला जुनी शहरं दाखवू." इरा तेव्हा दहा वर्षांची होती. तिने लगेच "Yes! A house with wheels!" म्हणून उड्या मारल्या. मलाही मनातून हवंच होतं.

आता घरी काय सांगायचं? रजा आहे, पण तुमच्याकडे येत नाही, हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. तेव्हा इथे वर्क व्हिसावर राहणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या खिशात असतं ते कारण मी काढलं, स्टॅम्पिंग. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला की इथे राहता येतं, नोकरी करता येते; पण एकदा देशाबाहेर गेलं की नवा शिक्का मिळाल्याशिवाय परत येता येत नाही, आणि त्याच्या अपॉइंटमेंटसाठी लोक महिनोन् महिने अडकून पडतात. या कारणापुढे कोणी काही बोलत नाही. नको असलेली लग्नंसुद्धा आम्ही यावर टाळली आहेत. आमचे शिक्के सप्टेंबरपर्यंत चालणार होते. मी जूनमध्येच संपवून टाकले.

"बाबा, स्टॅम्पिंगचा प्रॉब्लेम आहे. या वर्षी जमणार नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "नोकरी सांभाळा."

फ्रँकफर्टजवळ व्हॅन घेतली. चार बर्थची होती, तीनची मिळाली नाही. चौथ्या बर्थवर आम्ही बॅगा, ओले टॉवेल आणि पोह्यांची पाकिटं टाकली. जुन्या शहरांत व्हॅन नेता येत नाही. गावाबाहेरच्या कॅम्पसाइटवर ती उभी करायची आणि ट्रामने आत जायचं. सकाळी गॅसच्या दोन बर्नरवर मी मोहरी तडतडवली की शेजारचे डच आजी-आजोबा खिडकी लावून घ्यायचे. शौचालयाची टाकी रिकामी करायला समीर नाक दाबून जायचा आणि इरा मागून टाळ्या वाजवायची. खोटं कशाला बोलू, मी खूश होते. तटबंद्यांवरून चालले. बाबांनी ज्यांचे नकाशे रंगीत खडूंनी फळ्यावर काढले होते त्या शहरांत मी आइस्क्रीम खात फिरले, आणि त्यांना फोटो पाठवू शकत नव्हते.

रविवारचा फोन मात्र चुकवला नाही. नागपुरात रात्रीचे साडेआठ, म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे अकरा. युरोपात संध्याकाळचे पाच वाजलेले असायचे, आणि मी "आत्ताच चहा झाला" असं सांगायचे. कॅमेरा बिघडलाय म्हणून व्हिडिओ बंद ठेवला होता. पहिल्याच रविवारी मागे चर्चच्या घंटा सुरू झाल्या. थांबता थांबेनात. बाबांनी विचारलं, "कसला आवाज गं?" मी म्हटलं, "टीव्ही." ते म्हणाले, "हो का." मग इराशी बोलायचंय म्हणाले. ती फोन घेऊन बाहेर गवतावर गेली आणि बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या रविवारी ते अचानक म्हणाले, "प्रागच्या किल्ल्यात एक खिडकी आहे. तिथून अधिकाऱ्यांना खाली फेकलं आणि तीस वर्षं युद्ध पेटलं. खिडकी छोटीशीच आहे म्हणतात." मी तेव्हा प्रागच्या बाहेर वीस मिनिटांवर बसून काकडी चिरत होते. मला वाटलं, वय झालं, काहीही आठवतं यांना. दुसऱ्या दिवशी मी ती खिडकी शोधून बघितली. खरंच छोटीशी होती.

परत आलो. सप्टेंबरमध्ये शिक्के खरोखरच संपले. ऑक्टोबरच्या मध्यावर चुलतभाऊ मंगेशचा फोन आला, बाबा गेले.

समीर म्हणाला, "गेलीस तर अडकशील." त्याचं चूक नव्हतं. तरीही मी गेले. इरा त्याच्यापाशी राहिली. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. अग्नी मंगेशने दिला, अस्थीही सावडून झाल्या होत्या. मला फक्त चपलांच्या कपाटातल्या त्यांच्या सँडल्स भेटल्या. आणि मग मी अडकले. अपॉइंटमेंट मिळेना. कंपनीने काही दिवस रिमोट चालवून घेतलं, मग बिनपगारी रजा दिली. जे खोटं मी जूनमध्ये आरामात सांगितलं होतं ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी माझ्या मानेवर बसलं होतं. बारा वर्षांत कधी जेवढं सलग माहेरी राहिले नाही तेवढं त्या हिवाळ्यात राहिले, आणि ज्यांच्यासाठी राहायचं ते नव्हते.

नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं तासाने मागे गेली. इराच्या शाळेची वेळ चुकू नये म्हणून मी स्टूल ओढलं आणि बाबांच्या त्या दुसऱ्या घड्याळाला हात घातला. आई स्वयंपाकघरातून धावतच आली.

"राहू दे ते! त्यांनी लावलेलं आहे."

मी खाली उतरले. आई सोफ्यावर बसली आणि पदराशी चाळा करत बोलायला लागली.

"जूनमध्ये त्यांनी ते सहा तास पुढे केलं होतं. मी म्हटलं, बिघडलं का? तर म्हणाले, नाही, बरोबर आहे, पोरगी युरोपात आहे. इरानंच सांगितलं त्यांना, गाडीतलं घर अन् सगळं. तिला म्हणाले, आईला सांगू नको मला माहीत आहे ते, ती वाईट वाटून घेईल. रोज जेवताना घड्याळाकडे बघायचे. आता पोचले असतील, आता झोपले असतील. नकाशा काढून बसायचे. तुम्ही परतल्यावर पुन्हा सहा तास मागे घेतलं, तेच शेवटचं."

आई पुढे म्हणाली, "छातीत तेव्हाच दुखायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, आजच अ‍ॅडमिट व्हा. हे म्हणाले, पोरगी फिरून राहिली, फिरू दे. कळलं तर अर्ध्यातून येईल. तीन आठवडे काही होत नाही. तिसऱ्या आठवड्यात झटका आला. हृदय कमजोर झालं ते झालंच."

"मी परत गेल्यावर तरी सांगायचं होतं ना, आई. जुलै होता, ऑगस्ट होता. मी येऊ शकत होते."

"तेच तर," आई म्हणाली. "तुला म्हणावं लागलं असतं, येऊ शकते. मग जूनमध्ये का नाही म्हणालीस, हे निघालं असतं. ते म्हणाले, लाजेल ती. तिला खोटं पाडायला मी आजारी पडलो का?"

मी त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून रडले. चौथा बर्थ डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यावर आम्ही ओले टॉवेल टाकले होते. खरं बोलले असते तर ते काय म्हणाले असते, हे मला आता अगदी स्वच्छ ऐकू येतं. "जा, आणि तटबंदी नीट बघ." कदाचित मी म्हटलं असतं, तुम्हीच चला. त्यांना युरोपचा शेंगेन व्हिसा मिळाला असता, नसता, तटबंदीचा जिना त्यांना चढवला असता, नसता. निदान दुखतंय हे त्यांनी मला सांगितलं असतं. मी खोटं बोलले म्हणून त्यांनाही बोलावं लागलं. माझं खोटं सांभाळता सांभाळता ते गेले. हे मी समीरला सांगितलं, तर तो म्हणतो, "असं नको विचार करू यार." इराने एकदाच विचारलं, "Was it because I kept the secret?" मी नाही म्हटलं आणि तिला जवळ घेतलं. ती अजून रात्री दिवा चालू ठेवून झोपते.

फेब्रुवारीत शिक्का मिळून मी परत आले, त्याला आता वर्ष होत आलं. जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडे आलात, त्यांना एवढंच सांगायला हे लिहिलं. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून आपण काहीबाही सांगतो, आणि मग घरचेही आपल्याला तसंच सांगायला लागतात. विचारून बघा एकदा. खरं विचारा.

आईने इकडे यायला नकार दिला. नागपूरचं ते घड्याळ तिने कोणालाही फिरवू दिलेलं नाही. मार्च ते नोव्हेंबर ते बरोबर चालतं, थंडीत एक तास पुढे असतं. त्यामुळे सध्या तिचा फोन सकाळी सहाला येतो. तिच्या घड्याळात सात वाजलेले असतात. मी पावणेसहाचा गजर लावते, तोंड धुते, चहा ठेवते, म्हणजे आवाज झोपेतला येत नाही. खिडकीबाहेर काळोख असतो, पार्किंगमधल्या गाड्यांवर बर्फ असतं. माझ्यासाठी घर आता एवढंच उरलंय, या एका तासाएवढं.

आज सकाळीही तिने विचारलं, "सात वाजले ना गं तिकडे? झोपमोड नाही ना केली?"

"नाही आई," मी म्हटलं. "सातच वाजले."